तराजू कुणाच्या हातात?

महामारी आली की माणसे मरतात, हे खरे. पण महामारीत धोका कुणी पत्करायचा आणि नफा कुणी मोजायचा, हे विषाणू ठरवीत नाही. ते व्यवस्था ठरविते. कोरोनाच्या काळात 'जीव की जीविका' असा प्रश्न जगभर विचारला गेला. राज्यकर्त्यांनी विचारला, उद्योगपतींनी विचारला, वृत्तवाहिन्यांवरील विद्वानांनीही विचारला. मात्र ज्याचा जीव आणि ज्याची जीविका अशा दोन्ही गोष्टी पणाला लागल्या होत्या, त्या कामगाराला हा प्रश्न किती जणांनी विचारला? आज आम्ही या प्रश्नाची चिकित्सा एका अशा धंद्याच्या आधारे करणार आहोत, ज्याचे नाव घेताच कुणालाही दुःख आठवत नाही. तो धंदा म्हणजे करमणुकीच्या उद्यानांचा, अर्थात थीम पार्कचा.

या धंद्यातील सर्वांत बलाढ्य कंपनी म्हणजे अमेरिकेची डिस्ने. २५ जानेवारी २०२० रोजी तिचे शांघायचे उद्यान बंद झाले, दुसऱ्या दिवशी हाँगकाँगचे. फेब्रुवारी संपता संपता टोकियोचे दरवाजे बंद झाले आणि मार्चच्या मध्यावर कॅलिफोर्निया, फ्लोरिडा व पॅरिस येथील उद्यानांनाही कुलूप लागले. 'पृथ्वीवरील सर्वांत आनंदी जागा' अशी जिची जाहिरात केली जाते, ती जागा ओस पडली.

थीम पार्कचा हिशेब इतर दुकानांसारखा नसतो. दुकान बंद केले की विजेचा दिवा विझतो, माल कपाटात राहतो. उद्यान बंद केले तरी अजस्र पाळणे आणि झुलत्या गाड्या तेलपाण्याविना ठेवता येत नाहीत, हॉटेले सांभाळावी लागतात, कर्जावरील व्याज थांबत नाही. उत्पन्न मात्र थेट शून्यावर येते. तिकीट, हॉटेलची खोली, खाणेपिणे, खेळणी, टोप्या, सगळेच एकदम थांबते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत डिस्नेच्या उद्यान विभागाचे उत्पन्न ८५ टक्क्यांनी घसरून सुमारे १०० कोटी डॉलरवर आले आणि कंपनीला ४७० कोटी डॉलरचा निव्वळ तोटा झाला. हे आकडे खोटे नाहीत. कंपनी संकटात होती, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे संकट सर्वांत आधी कुणाच्या पाठीवर टाकले गेले?

एप्रिल २०२० मध्ये फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डने संघटित कामगारांपैकी सुमारे ४३ हजार जणांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठविले. अत्यावश्यक कामासाठी जेमतेम दोनशे जण ठेवले. रजेच्या काळात त्यांचा आरोग्य विमा कंपनीने चालू ठेवला, हे नोंदविले पाहिजे. अमेरिकेत नोकरी गेली की बहुतेकांचा विमाही जातो, त्यामुळे ही गोष्ट लहान नव्हती. आणि तीही कामगार संघटनेशी झालेल्या करारात लिहिली गेली होती. पण घरभाडे आणि भाकरी विम्यावर मिळत नाही. फ्लोरिडा राज्याचा बेकारी भत्ता जास्तीत जास्त आठवड्याला २७५ डॉलर, तोही १२ आठवडेच! त्यात राज्याची अर्ज भरण्याची संगणक यंत्रणाच गर्दीने कोलमडली. केंद्र सरकारने आठवड्याला ६०० डॉलरची जोड दिली, ती जुलै २०२० अखेर संपली. ऑर्लँडो शहरात मोफत धान्य वाटणाऱ्या केंद्रांपुढे मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. त्या मोटारींत कालपर्यंत पर्यटकांना हसतमुखाने 'या, बसा' म्हणणारी माणसे बसली होती.

ही माणसे महामारीनेच गरीब झाली काय? नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या सुमारे पाच हजार कामगारांची पाहणी झाली. त्यातील जवळजवळ तीनचतुर्थांश कामगारांनी सांगितले की, महिन्याचा मूलभूत खर्चही पगारात भागत नाही. दहातील एकाहून अधिक जण मागील दोन वर्षांत कधी ना कधी बेघर झाले होते. त्याच २०१८ मध्ये कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांची वार्षिक कमाई होती ६ कोटी ५६ लाख डॉलर, म्हणजे कंपनीतील मध्यम कर्मचाऱ्याच्या चौदाशेपट! संस्थापक घराण्यातील अबिगेल डिस्ने यांनीच या तफावतीवर जाहीर टीका केली. महामारीत आयगर यांनी आपला मूळ पगार सोडला, नवे प्रमुख बॉब चापेक यांनी निम्मा केला. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले. परंतु बड्या अधिकाऱ्यांची कमाई मूळ पगारात नसते. ती बोनसात आणि शेअरमध्ये असते. आणि ऑगस्ट २०२० मध्ये अधिकाऱ्यांचे पगार पूर्ववत झाले, तेव्हा हजारो कामगार अजून घरीच बसून होते.

आता उद्याने उघडण्याचा निर्णय कसा झाला, ते पाहू. फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी राज्य पुन्हा सुरू करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यात डिस्नेचे आणि युनिव्हर्सलचे अधिकारी बसले होते. ज्यांचे कुलूप, त्यांच्याच हाती किल्ली! युनिव्हर्सलची उद्याने ५ जून २०२० रोजी उघडली. डिस्नेने आपली योजना २७ मे रोजी ऑरेंज काउंटीच्या समितीपुढे मांडली आणि लगोलग मंजुरी मिळविली. उघडण्याची तारीख ठरली ११ जुलै. मे महिन्यात तारीख ठरली तेव्हा साथ उताराला लागल्यासारखी दिसत होती. जुलै येईतो चित्र पालटले. हजारो लोकांनी, त्यात कामगारांनीही, उद्घाटन पुढे ढकलावे म्हणून निवेदनावर सह्या केल्या. तारीख बदलली नाही. ११ जुलैला दरवाजे उघडले आणि दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडात १५ हजार २९९ नव्या रुग्णांची नोंद झाली. एका दिवसात एवढे रुग्ण तोवर अमेरिकेच्या कुठल्याच राज्यात नोंदले गेले नव्हते.

याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय घडले? हाँगकाँगमध्ये दिवसाला पन्नासच्या आसपास नवे रुग्ण सापडू लागले आणि तेथील डिस्नेलँड १५ जुलैपासून पुन्हा बंद करण्यात आले. नेमक्या त्याच १५ जुलैला फ्लोरिडात डिस्नेची उरलेली दोन उद्याने उघडली. कंपनी तीच, बोधचिन्ह तेच, उंदीरही तोच! मग पन्नास रुग्णांवर एक उद्यान बंद आणि पंधरा हजारांवर दुसरे खुले, हे कोणत्या शास्त्रात बसते? उत्तर सोपे आहे. हाँगकाँगमध्ये निर्णय सरकारने घेतला. त्या उद्यानात सरकारची बहुसंख्य मालकीही आहे. फ्लोरिडात सरकारने निर्णय जवळजवळ कंपनीवर सोडला. याचा अर्थ, सुरक्षितता ही कंपनीच्या सदिच्छेवर ठरत नाही. तिच्यापुढे कोण उभे आहे, यावर ती ठरते.

कंपनीने काळजीच घेतली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवेशापूर्वी ताप मोजला जाई, दोन वर्षांवरील प्रत्येकाला मुखपट्टी सक्तीची होती, आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नव्हता. मिरवणुका आणि आतषबाजी बंद होती, गर्दी फार कमी ठेवली होती. मुखपट्टी काढून खातपित हिंडणाऱ्या पाहुण्यांना आळा बसावा म्हणून, खायचे तर एका जागी थांबून खा, असा नियमही जुलैतच करण्यात आला. पण यातील बऱ्याच गोष्टी कामगार संघटनांनी वाटाघाटीच्या टेबलावर मागून घेतल्या होत्या, हे कंपनीच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेले नव्हते.

आणि जे मागून मिळाले नाही, त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये नाचगाणी व नाटके करणारे सुमारे साडेसातशे कलावंत 'ॲक्टर्स इक्विटी' या संघटनेचे सभासद होते. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हाला तोंड झाकून गाता येत नाही, दूर उभे राहून नाचता येत नाही. तेव्हा आमची नियमित कोरोना चाचणी करा. कंपनीने मागणी फेटाळली आणि त्यांना कामावर परत बोलाविण्याचे आदेशच मागे घेतले. मागणी चाचणीची, शिक्षा बेकारीची! शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये तोडगा निघाला. डिस्नेच्या जागेत कामगारांना आणि लोकांनाही खुले असे चाचणी केंद्र सुरू होणार असल्याचे जाहीर झाले. म्हणजे जी गोष्ट जूनमध्ये अशक्य होती, ती ऑगस्टमध्ये शक्य झाली. या दोन महिन्यांत वैद्यकशास्त्र बदलले नव्हते. कामगार झुकले नाहीत, एवढेच घडले होते.

नियम कागदावर असतो. तो राबवितो माणूस. मुखपट्टी घाला, असे पर्यटकाला सांगण्याची जबाबदारी कुणावर आली? सर्वांत कमी पगाराच्या माणसावर. ९ ऑगस्ट २०२० रोजी पेनसिल्व्हेनियातील सेसमी प्लेस या उद्यानात एका सतरा वर्षांच्या कामगार मुलाने एका जोडप्याला मुखपट्टी लावण्याची आठवण करून दिली. त्याबद्दल त्याला अशी मारहाण झाली की, जबड्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तो मुलगा कोणत्या संचालक मंडळावर होता? कोणत्या समितीत त्याला खुर्ची होती? कंपनीचे धोरण त्याने ठरविले नव्हते, पण त्या धोरणाचा ठोसा मात्र त्याच्या तोंडावर बसला.

येथे आणखी एक विसंगती आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येविरुद्ध अमेरिकेचे रस्ते पेटले होते. त्याच महिन्यात डिस्नेने जाहीर केले की, कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण करणाऱ्या एका जुन्या चित्रपटावर बेतलेली 'स्प्लॅश माउंटन' ही सफर बदलून तेथे कृष्णवर्णीय राजकन्या टियानाची कथा आणली जाईल. निर्णय योग्यच होता. प्रतीकांना अर्थ असतो आणि अपमानाचे प्रतीक उखडलेच पाहिजे. ती नवी सफर २०२४ साली खुली झाली. परंतु ऑर्लँडोच्या हॉटेलांत चादरी बदलणारे, भांडी घासणारे, रात्री रस्ते झाडणारे कामगार कोण आहेत? त्यांत हैतीहून आलेले आहेत, पोर्तो रिकोचे आहेत, कृष्णवर्णीय आहेत, लॅटिनो आहेत. याच समाजांना अमेरिकेत कोरोनाने इतरांपेक्षा अधिक प्रमाणात रुग्णालयात आणि स्मशानात नेले, हे तेथील सरकारी आकडेवारीच सांगते. भिंतीवरच्या राजकन्येला सन्मान आणि भिंत पुसणाऱ्या बाईला बिनपगारी रजा, हा सन्मान अपुरा आहे. प्रतीकाचा सन्मान भाकरीपर्यंत पोहोचला पाहिजे.

कॅलिफोर्नियात वेगळे घडले. तेथील डिस्नेलँडही १७ जुलै २०२० रोजी, म्हणजे आपल्या ६५ व्या वर्धापनदिनी उघडण्याचा कंपनीचा बेत होता. १७ हजार कामगारांच्या संघटनांच्या आघाडीने गव्हर्नरांना पत्र लिहून सांगितले की, सुरक्षिततेबद्दल आमची खात्री पटलेली नाही. कामगारांनी मोटारींचा ताफा काढून निदर्शने केली. राज्याने नियमावली दिली नाही आणि कंपनीला तारीख मागे घ्यावी लागली. पुढे ऑक्टोबरमध्ये नियमावली आली, ती कडक होती. त्यापूर्वीच आयगर यांनी गव्हर्नरांच्या आर्थिक समितीचा राजीनामा दिला होता. उद्यान अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी, २५ टक्के क्षमतेने आणि फक्त कॅलिफोर्नियातील रहिवाशांसाठी उघडले. मधल्या हिवाळ्यात त्या राज्यात कोरोनाची सर्वांत भीषण लाट येऊन गेली होती आणि जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँडच्या वाहनतळावर लसीकरण केंद्र चालले होते.

मग कॅलिफोर्नियाचा कामगार सुखी झाला काय? नाही, आणि येथेच या प्रश्नाची खरी गाठ आहे. २९ सप्टेंबर २०२० रोजी डिस्नेने अमेरिकेतील २८ हजार कामगारांना काढून टाकण्याचे जाहीर केले. त्यातील सुमारे ६७ टक्के अर्धवेळ कामगार होते. नोव्हेंबरमध्ये हा आकडा ३२ हजारांवर नेण्यात आला. कॅलिफोर्नियाचे सरकार निर्बंध उठवीत नाही, हेही कारण कंपनीने पुढे केले. ज्या कामगारांनी उन्हाळ्यात 'उघडू नका' म्हटले, त्यांच्यापैकीच काही संघटना शरद ऋतूत 'आता उघडा' म्हणू लागल्या. यात काहींना विसंगती दिसेल. आम्हाला दिसत नाही. सुरक्षिततेचे करार पदरात पडले होते आणि घरातले धान्य संपत आले होते. उपाशी माणसापुढे आजार आणि भूक अशा दोन थाळ्या ठेवून 'निवड तुझी' म्हणणे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

आमच्यावर आक्षेप येईल की, फ्लोरिडाचे उद्यान उघडले म्हणून कुठे मोठा उद्रेक झाला? खरे आहे. २०२० मध्ये डिस्ने वर्ल्डशी जोडता येईल असा मोठा उद्रेक जाहीरपणे पुढे आला नाही. आम्ही ही गोष्ट लपविणार नाही; उलट ती आमच्याच बाजूची आहे. मुखपट्टी, अंतर आणि कमी गर्दी यांच्यावर खर्च केला तर माणसे वाचतात आणि धंदाही चालतो, हे त्यातून सिद्ध झाले. कंपनीने स्वतःच गुंतवणूकदारांना सांगितले की, कमी क्षमतेवरही उघडी उद्याने आपला रोजचा चालू खर्च भागवून वर काही शिल्लक टाकत आहेत. म्हणजे पैसा विरुद्ध सुरक्षितता हे भांडणच मुळात फसवे होते. खरे भांडण होते ते सुरक्षिततेचा खर्च कुणी सोसायचा, याचे.

दुसरे टोकही पाहिले पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी शांघायच्या डिस्नेलँडमध्ये, आदल्या दिवशी आलेली एक व्यक्ती बाधित निघाल्याने दरवाजे बंद केले गेले आणि आतील सुमारे ३४ हजार लोकांची चाचणी केल्याशिवाय कुणाला बाहेर सोडले नाही. सर्व निर्दोष निघाले. राज्यसत्तेने मनात आणले तर एका रात्रीत ३४ हजार चाचण्या होतात आणि दुसरीकडे साडेसातशे कलावंतांच्या चाचण्यांसाठी दोन महिने झगडावे लागते! पण माणसाला न विचारता कोंडणारी सुरक्षितताही आम्हाला नको आहे. हुकमाने नव्हे, हक्काने मिळणारी सुरक्षितता आम्हाला हवी आहे.

हक्क म्हटला की कायदा आला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कोरोनाग्रस्त कामगारांना भरपगारी रजा देणारा कायदा केला. त्यातून ५०० हून अधिक कामगार असलेल्या खासगी कंपन्यांना वगळले. म्हणजे हजारो कामगार राबविणाऱ्या बड्या उद्यान कंपन्या त्या सक्तीतून सुटल्या. कामाच्या जागी कोरोनापासून संरक्षणाचा तातडीचा नियम करा, अशी कामगार महासंघाने न्यायालयात मागणी केली, ती जून २०२० मध्ये फेटाळली गेली. आणि मार्च २०२१ मध्ये फ्लोरिडाने काय केले? प्रामाणिकपणे नियम पाळण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यवसायांवर कोरोनाबाबत दावा लावणे अतिशय कठीण करणारा कायदा केला. दावा करणाऱ्याने डॉक्टरचे शपथपत्र आणावे, घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा! ढाल दिली ती कंपनीला. कामगाराच्या वाट्याला आली ती मुखपट्टी.

शेवटी या तराजूचा काटा कुठे स्थिरावला, तेही पाहू. २०२१ च्या उन्हाळ्यात डिस्नेचा उद्यान विभाग पुन्हा नफ्यात आला. २०२२ च्या आर्थिक वर्षात या विभागाने सुमारे २,८७० कोटी डॉलरचे उत्पन्न आणि ७९० कोटींचा नफा कमावला. तोटा आला तेव्हा तो कामगारांत वाटला गेला. नफा आला तेव्हा वाटणीचे नाव निघाले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या कामगारांनी कंपनीचा वेतन प्रस्ताव ९६ टक्के मतांनी नाकारला, तेव्हा कुठे पुढच्याच महिन्यात वर्षअखेर किमान १८ डॉलर तासाचा करार पदरी पडला. दान म्हणून नव्हे, लढून.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडील मिकी माऊसच्या राज्याशी आमचा संबंध काय? संबंध आहे. एप्रिल २०२० मध्ये आपल्या शेजारच्या गुजरात सरकारने महामारीचे निमित्त करून कारखान्यांतील कामाचा दिवस १२ तासांचा केला आणि जादा तासांना दुप्पट मोबदला देण्यातूनही मालकांना मोकळे केले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महामारीचा आर्थिक भार एकट्या कामगारावर टाकता येणार नाही, हाच त्या निकालाचा आशय होता. डिस्नेने २८ हजार जणांना काढल्याच्या घोषणेनंतर दोनच दिवसांनी हा निकाल आला. देश वेगळा, धंदा वेगळा, पण तराजू तोच. आज आमची शेकडो मुले-मुली मॉलमध्ये, चित्रपटगृहांत, हॉटेलांत, करमणुकीच्या उद्यानांत ठेकेदाराच्या हाताखाली गणवेश घालून उभी आहेत. त्यांच्या छातीवर कंपनीचा बिल्ला असतो, पण हजेरीपटावर कंपनीचे नाव नसते. उद्या दुसरी साथ आली तर त्यांना रजा कोण देणार, चाचणी कोण करणार, विमा कोण भरणार?

डिस्ने आपल्या कामगारांना कामगार म्हणत नाही. 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटकातील पात्र म्हणते. गिऱ्हाइकाला पाहुणा म्हणते. शब्द गोड आहेत. पण पात्राला आजार होत नाही, भूक लागत नाही, भाडे भरावे लागत नाही. माणसाला लागते. म्हणून पुढची साथ येण्यापूर्वीच काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. धंदा बंद वा सुरू करण्याच्या प्रत्येक समितीत कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी मतासह बसला पाहिजे. आजारपणाची रजा भरपगारी आणि सक्तीची असली पाहिजे, कंपनी जितकी मोठी तितकी अधिक. चाचणीचा आणि संरक्षणाचा खर्च मालकाचा असला पाहिजे. दाव्यापासून कंपन्यांना सूट देणारे कायदे होता कामा नयेत. आणि बंदीच्या काळातील भाकरीची हमी राज्याने घेतली पाहिजे, कारण पोट भरलेला कामगारच 'आज दार उघडणे धोक्याचे आहे' असे निर्भयपणे सांगू शकतो.

ही मागणी दयेची नाही. कॅलिफोर्नियात कामगारांची आघाडी नसती तर जुलैची तारीख पाळली गेली असती. फ्लोरिडात कलावंतांची संघटना नसती तर चाचणी केंद्राचा विषयही निघाला नसता. तेव्हा जेथे संघटना नाही तेथे ती बांधणे, जेथे आहे तेथे ती टिकविणे आणि ठेकेदाराकडील पोरापोरींना तिच्यात आणणे, हे काम साथ येण्याची वाट न पाहता आजच हाती घेतले पाहिजे.